सतरा एकांची बाकी

मावला, आदिलाबाद
१२ डिसेंबर १९८७

प्रिय नागनाथ,

तुझं पत्र मिळालं. बाबांचं खाणं आता पेजेपुरतं उरलंय, आणि दृष्टी तर दिवाळीआधीच गेली. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा. कामाच्या गडबडीत आहेस असं तू दोनदा लिहिलंयस, एकदा लिहिलं असतंस तरी समजलं असतं मला.

बाबांचा भागाकार परवापरवापर्यंत चालू होता. एकाचा आकडा सतरा वेळा ओळीने लिहिला की होणारी ती संख्या मूळच आहे, तिला कुणी भागू शकत नाही, हा त्यांचा हट्ट आपल्या लहानपणापासूनचा. भागलीच तर चौतीसच्या पटीत एक मिळवून येणाऱ्या मूळ संख्येनेच भागेल, म्हणून आपण दोघं सगळ्या पोरांच्या आधी चौतीसचा पाढा शिकलो. नेरडीगोंड्याच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर तर त्यांना दुसरं काही उरलंच नाही. डोळे गेल्यापासून ते आकडा सांगत आणि मी पाटीवर भागत असे. आलेलं उत्तर आणि बाकी वाचून दाखवली की ते मनातल्या मनात अंकांच्या बेरजा घेऊन नवाचा ताळा करून पाहत आणि 'पुढे' म्हणत. शेजारची भागाबाई म्हणते, सर जप करून राह्यले. वीस लाखांच्या पुढच्या आकड्यांनी भागत होतो आम्ही.

आणि तुझ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरने चहा निवायच्या आत सांगून टाकलं, की वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीसने ती संख्या निःशेष भागते. वर तू लिहिलंस, बाबांना सांगू नकोस, सुखाने जाऊ दे. तिकडून लिहायला तुझं काय जातं रे! पाटी माझ्या मांडीवर होती.

तिथवर ते पोचणार नाहीत असं मला वाटलं होतं. पोचू नयेत असंही वाटलं. म्हणजे काय वाटलं, ते तुला कळेल. सोमवारी त्यांनी नेमका तोच आकडा सांगितला. मी भागत गेले, शेवटी शून्य आलं. उत्तर मी खरं वाचलं, बाकी मात्र पाच सांगितली. बाबांनी मनात ताळा केला. मग म्हणाले, "ताळा काऊन जुळून नाही राह्यला वं, पंचे? आठ पाह्यजे, चार येऊन राह्यला." मी पुन्हा भागल्यासारखं केलं आणि पुन्हा पाचच सांगितले. बाकी शून्य धरली की ताळा जुळतो, हे त्यांना कळायला किती वेळ लागणार? ते 'पुढे' म्हणाले नाहीत. भिंतीकडे तोंड करून निजले.

तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. पेज भागाबाईच्या हातून घेतात. हरल्याचं त्यांनी सोसलं असतं, नागनाथ. काल मी खरं सांगायला गेले, तर हातानेच थांबवलं. माझ्या आकड्यावर आता त्यांचा विश्वास नाही. म्हणून लिहितेय. मिळेल त्या गाडीने ये. त्यांच्या कानाशी बसून खरं उत्तर सांग, आणि पंचीला खोटं बोलायला मीच सांगितलं होतं, हेही सांग. मला हाक न मारता ते गेले तर मी काय करू रे?

तुझीच ताई,
पंचफुला