साडूभाऊंची जिरवण्याचा कार्यक्रम

२ मार्च
विभागीय हौशी बेसबॉल अजिंक्यपद स्पर्धेच्या सचिवपदी माझी बिनविरोध निवड. दुसरा अर्जच आला नव्हता, पण बिनविरोध ते बिनविरोधच. पाच गट: बारा वर्षांखालील, पंधराखालील, अठराखालील, खुला आणि पंचेचाळिशीच्या वरचे. मैदानं दोन. माईक एक. माईक माझ्याकडे.
आता साडूभाऊंची जिरवायची.

३ मार्च
काल जरा घाईत लिहिलं. सूड वगैरे शब्द मला शोभत नाहीत. मी विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात आहे. दिवसभर लोकांचे दावे नाकारतो, पण मनात कुणाविषयी काही नसतं. नियमात बसत नाही, एवढंच. साडूभाऊंच्या बाबतीतही तेच करायचं. सगळं नियमात.

राग थंड होऊ नये म्हणून एकदा लिहून ठेवतो. साडूभाऊ म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. टायरचं दुकान आणि स्वतःचा क्लब. गेल्या वर्षी त्यांच्या क्लबाने सगळ्या ट्रॉफ्या नेल्या आणि बक्षीस समारंभात त्यांनी आभाराचं भाषण केलं. सगळ्यांचे आभार मानले. दुकानात पंक्चर काढणाऱ्याचेसुद्धा मानले. आणि शेवटी म्हणाले की आमच्या साडूंनीही दोन दिवस पाणी फार छान वाटलं. मी सहसचिव होतो! पाणी वाटणारा आला नाही म्हणून दोन कॅन उचलले, तर ही किंमत. सगळं मैदान हसलं. सासूबाई पहिल्या रांगेत होत्या, त्या सगळ्यांत जास्त हसल्या. तेव्हापासून मैदानावर मला पाणीवाले म्हणतात. अंपायरसुद्धा.

१० मार्च
कमिटीची मीटिंग, पॅव्हेलियनमागच्या खोलीत. त्या खोलीत जुन्या बॅटी, फाटके बेस आणि अध्यक्ष ठेवलेले असतात. अध्यक्ष निवृत्त बँक मॅनेजर आहेत. ठराव वाचून संपला की जागे होतात आणि मंजूर म्हणतात. असा अध्यक्ष मिळायला भाग्य लागतं.

ठराव पहिला: खेळाडूंचं वय एक जानेवारीऐवजी तीस एप्रिलला मोजायचं. मंजूर.

यातली मेख फक्त मला माहीत. साडूभाऊंच्या लहान गटात एक पोरगा पिचर आहे. त्याला सगळे तोफ म्हणतात. गेल्या वर्षी त्याने टाकलेला चेंडू बॅट धरणाऱ्यांना दिसलाच नाही. तोफ अठरा एप्रिलला बारा पूर्ण करतो. (ही माहिती मी खटपट करून काढली.) म्हणजे नवीन तारखेने तो पंधराच्या गटात. तिथली मिसरूड फुटलेली पोरं त्याचा भुगा करतील. घरी शीळ घालत आलो.

११ मार्च
बायकोने चहा देताना विचारलं की नव्या तारखेने आपली मुलगी कुठल्या गटात जाते. मी म्हटलं, बारा वर्षांखालील, अर्थात. तिने विचारलं की मुलीचा वाढदिवस कधी असतो. मी म्हटलं, एप्रिलमध्ये. ती म्हणाली, एप्रिलमध्ये कधी. मी म्हटलं, वीसच्या आसपास.

चोवीस. लोकांच्या पोरांचे वाढदिवस तोंडपाठ आणि स्वतःच्या लेकीचा आसपास, असं म्हणाली. पुढेही बरंच म्हणाली. ते इथे लिहीत नाही.

१२ मार्च
उपाय सोपा आहे. लेकीला आमच्या क्लबाच्या पंधराखालील संघात घालायचं. कोचला भेटलो. कोच दिवसा लोकांना गाडी शिकवतो, त्यामुळे त्याला आयुष्यात कशाचीच भीती राहिलेली नाही. म्हणाला, संघात पंधराच नावं चालतात, ती झाली. मी म्हटलं, एक जास्त घे. म्हणाला, तसं परिपत्रक आलंय. कुठल्या गाढवाने काढलंय बघू म्हटलं, तर खाली माझीच सही.
तारीख परत बदलावी का? नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. शिवाय तोफ परत खाली येईल.

१४ मार्च
बायकोने बहिणीला फोन केला. फोन ठेवायच्या आत लेक साडूभाऊंच्या संघात. त्यांच्याकडे जागा होत्या.

संध्याकाळी साडूभाऊ स्वतः टोपी घेऊन घरी. पिवळी. मला म्हणाले की काही काळजी करू नका, आपलीच मुलगी आहे. मी मुद्दाम चहा विचारला नाही. बायकोने विचारला. दोन कप प्यायले. लेक टोपी घालून जेवली.

हरकत नाही. शत्रूच्या गोटात आपलं माणूस असलेलं बरंच.

२ एप्रिल
सामन्यांचं वेळापत्रक जाहीर. हे माझं खरं काम. साडूभाऊंच्या प्रत्येक संघाला सकाळी साडेसहाचा सामना आणि मैदान नंबर दोन, म्हणजे बस डेपोच्या भिंतीलगतचं, खडीचं. आमच्या क्लबाला दुपारचे सामने, मैदान नंबर एक, गवत, प्रेक्षक, स्कोअरबोर्ड. साडूभाऊंचा फोन आला. वाटलं, चिडले. तर म्हणाले की वा, दुपारी दुकान उघडता येईल, तुम्ही अगदी मनातलं ओळखलंत.
आव आणतात. आतून जळत असणार.

२४ एप्रिल
लेकीचा वाढदिवस. लक्षात होता. (फोनला आधीच सांगून ठेवलं होतं.) साडूभाऊंनी खऱ्या चामड्याचा ग्लव्ह दिला. मी पाण्याची बाटली आणली होती, चांगली, स्टीलची. बायको खुर्चीवर बसून डोळे पुसेपर्यंत हसली. यात हसण्यासारखं काय होतं?

संध्याकाळी लेक म्हणाली की बाबा, थोडा वेळ समोर बस आणि माझे चेंडू पकड, काका म्हणतात मी पिचर होऊ शकते. मी साडूभाऊंच्या सामन्यांना अंपायर ठरवत होतो. म्हटलं, नंतर. ती मागच्या भिंतीवर चेंडू मारत बसली. ठक, ठक. कामात लक्ष लागेना, खिडकी लावून घेतली.

३ मे
स्पर्धा सुरू. पहिला दिवस. एकूण यशस्वी.

साडेसहाचे सामने असले की मैदानाचं कुलूप सचिवाला साडेपाचला उघडावं लागतं, हे वेळापत्रक करताना ध्यानात आलं नव्हतं. साडूभाऊंनी थर्मासमधून चहा आणला. नाकारला. मग थंडी वाजली म्हणून घेतला. त्यांच्याविरुद्धचे दोन संघ इतक्या सकाळी उठलेच नाहीत. साडूभाऊ न खेळता विजयी. तिसरा संघ आला, पण अर्धा झोपेत. डेपोच्या भिंतीची सावली मैदान दोनवर दहापर्यंत असते, हेही मला कुणी सांगितलं नव्हतं. दुपारी आमच्या बारा वर्षांखालील संघातली तीन पोरं उन्हाने आडवी झाली. त्यांना पाणी द्यायला दुसरं कुणी नव्हतं.
मी दिलं. सगळ्यांनी पाहिलं.

५ मे
पंचेचाळिशीच्या वरच्यांचे सामने. पहिल्या बेसवर खुर्ची हवी, अशी लेखी मागणी. फेटाळली.

साडूभाऊंच्या पंधराखालील सामन्याला मी सगळ्यांत कडक अंपायर नेमला होता. गणिताचे मास्तर. सख्ख्या भावाला नापास केलेला माणूस. दुसऱ्याच इनिंगला त्यांनी एकाला मैदानाबाहेर काढलं. मला. म्हणे सचिवाने जाळीमागून सूचना करायच्या नसतात. उरलेला सामना पार्किंगमधून, दोन मोटारींच्या फटीतून पाहिला. तोफेने मिसरूडवाल्यांचा भुगा केला.

लेक राखीव होती. बाकावर बसून सगळ्यांचे ग्लव्ह सांभाळत होती. पिवळी टोपी तिला बरी दिसते, हे मान्य.

८ मे
आमचा क्लब पंधराच्या गटात अंतिम फेरीत. समोर साडूभाऊ. बाकीच्या गटांत आमचं काय झालं ते लिहिण्यात अर्थ नाही.

तोफ असेल तर आपण हरणार. कोच स्वतः म्हणाला. दात-ओठ खात घरी आलो. जेवताना बायको सहज म्हणाली की बिचाऱ्या त्या पोराचा खांदा दुखत असेल, किती टाकतो. घास हातातच राहिला. माझी बायको कधी कधी फार हुशार असते.

९ मे
तातडीची मीटिंग. ठराव: मुलांच्या खांद्याच्या काळजीपोटी पंधराखालील गटात एका पिचरने एका सामन्यात तीनच इनिंग टाकायच्या. इनिंग सात. अध्यक्षांनी जागे होऊन मंजूर म्हटलं, आणि मुलांचा एवढा विचार करणारा सचिव त्यांनी पाहिला नाही असंही म्हटलं. माझेही डोळे भरून आले.

हिशेब साधा आहे. तोफ तीन इनिंग, त्यांचा दुसरा पिचर तीन. सातव्या इनिंगला साडूभाऊ कुणाला उभं करणार? टायर?

१० मे
उद्याचं वाक्य तयार. आंघोळ करताना मोठ्याने म्हणून पाहिलं: या वर्षी आमच्या साडूभाऊंच्या क्लबाने पाणी पिण्याचं काम फार छान केलं. जमलंय. छाननंतर थोडं थांबायचं, लोकांना हसायला वेळ द्यायचा.

११ मे
जिंकलो.
नीट लिहितो. सहा इनिंग झाल्या तेव्हा साडूभाऊ चार, आम्ही दोन. त्यांचे दोन्ही पिचर नियमाने बाद. आमची शेवटची बॅटिंग. मी माईक घेऊन स्कोअरबोर्डखालच्या टेबलाशी. साडूभाऊ बाकाकडे गेले, वाकून कुणाशी तरी बोलले, आणि आमची लेक मैदानाच्या मधोमध चालत आली.

खरं सांगायचं तर हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. नवा पिचर जाहीर करायचं काम माईकवाल्याचं. मी तिचं नाव घेतलं. पूर्ण नाव, म्हणजे मधे माझंही आलं.

पहिल्याच पोराचा सोपा झेल उडाला. बाद. प्रेक्षकांत बायको उभी राहिली. मग चेंडू बाहेर जायला लागले. चार चेंडू बाहेर गेले की समोरच्याला पहिला बेस फुकट. त्या झेलानंतर आमच्या कोचने पोरांना सक्त ताकीद दिली की बॅट हलवायची नाही, नुसतं उभं राहायचं. पोरं नुसती उभी राहिली. बॉल फोर. पुढचा. बॉल फोर. पुढचा. बेस भरले. मग एकेक पोरगा फुकटात शेवटच्या बेसवर, म्हणजे एकेक धाव. चार-तीन. चार-चार. मी फक्त बॉल फोर आणि स्कोअर सांगत होतो. आवाज अगदी तटस्थ ठेवला होता.

साडूभाऊ एकदा मैदानात गेले. तिला बाहेर यायचं का विचारत असावेत. तिने मान हलवली. त्यांनी तिची टोपी सरळ केली आणि परत आले.
शेवटचा बॉल फोर. पाच-चार. पहिल्या झेलानंतर आमच्या एकाही पोराच्या बॅटला चेंडू लागला नाही.

बक्षीस समारंभात माईक माझ्या हातात होता. वाक्य तयार होतं, वाया कशाला घालवायचं. म्हटलं. छाननंतर थांबलो. कुणी हसलं नाही. सासूबाईसुद्धा नाहीत. लाऊडस्पीकर कमी असेल म्हणून पुन्हा एकदा म्हटलं.

साडूभाऊ तेव्हा स्टेजसमोर नव्हतेच. बाकावर होते. लेक त्यांच्या शर्टात तोंड खुपसून बसली होती आणि तोफ बाजूला उभा राहून तिची बाटली धरून होता. घरी ती मावशीच्या गाडीतून आली. बायकोही त्याच गाडीत. मी ट्रॉफी घेऊन रिक्षाने.

गेल्या वर्षीचा वचपा निघाला. आता मनात काही नाही.

१२ मे
रजा. अध्यक्षांचं अभिनंदनाचं पत्र आलं. बायको माझ्याशी कामापुरतं बोलते. दूध संपलंय, एवढंच.

न्याहारीला लेकीला समजावलं की तीन इनिंगचा नियम मुलांच्या खांद्यासाठी असतो. ती म्हणाली की माहीत आहे, काकांनी गाडीत तेच सांगितलं. नियम चांगला आहे, तुझ्या बाबांनी तोफेच्या खांद्याचा विचार केला, आमच्या कुणाच्या लक्षात आलं नसतं, असं म्हणाले. म्हणजे साडूभाऊंना अजून काही कळलेलंच नाही. सगळं केलं आणि त्यांना कळलंच नाही! एवढं जिवावर उदार होऊन करायचं कशासाठी मग? हे मला तिथल्या तिथे बोलून दाखवावंसं वाटलं. चहा ओतून घेतला.

मग ती खाली बघत म्हणाली की तिथे मधे उभं राहिलं की स्पीकर अगदी कानात वाजतो. दर वेळी तू बॉल फोर म्हणायचास ना बाबा, तेव्हा इतका खूश वाटायचास. घरी तुझा असा आवाज मी कधी ऐकला नाही.

मी तिला सांगितलं की तो स्पीकर जुना आहे. त्यातून कुणाचाही आवाज तसाच येतो.
ती म्हणाली, बरं.