‘तळ्याखालचा तुरुंग’ : टेकचंदच्या लेखातील अकरा चुका

५ नोव्हेंबर १९८६. सकाळी ९.

वाचनालयाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी टेकचंदने लेख दिला. शीर्षक, ‘हिरालालभाऊच्या मागावर गगनकेतू’. पावणेतीन पानांत चुका अकरा. शुद्धलेखनाच्या चुका यात धरलेल्या नाहीत. त्या स्वतंत्र कागदावर उतरवल्या. कागद दोन लागले.

मुख्य चुका येथे नोंदवतो. टेकचंद लिहितो की, ‘गगनकेतू’ या चित्रकथेतील ‘तळ्याखालचा तुरुंग’ हे प्रकरण जानेवारी १९७८ मध्ये सुरू झाले. चूक. १ फेब्रुवारी. तो लिहितो की, ते पावसाळ्यात संपले. चूक. १६ जून; आमच्या पवनीत तोवर पावसाचा थेंब नव्हता. तो लिहितो की, डॉ. कर्दमाने तळ्याच्या तळाशी कोंडलेला, शक्ती गमावलेला गगनकेतू स्वतःच्या हिमतीवर दोर विणून सुटला.

ही चूक नव्हे, हा अपराध आहे. गगनकेतूला विणायला शिकवले कोणी? शेजारच्या कोठडीतील वृद्ध आचार्य विद्याधरांनी. छत्तीस वर्षे अध्यापन केलेल्या या विद्वानाचे बोलणे ऐकून घेणारा एकही मनुष्य जगात उरला नव्हता. गगनकेतूने ते ऐकले, म्हणून त्याची शक्ती परत आली. हा कथेचा कणा आहे. टेकचंदच्या लेखात आचार्यांचे नावही नाही.

माझा अधिकार काय, हेही लिहून ठेवतो. सप्टेंबर १९७७ मध्ये मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. त्यानंतर वाचनालयात येणारे, ‘गगनकेतू’ छापणारे ‘पराक्रम-चित्रे’ हे मुंबईचे पाक्षिक मी हिरालालच्या सहा मागांवरील विणकरांना दुपारी वाचून दाखवीत असे. टेकचंद त्यांपैकीच एक. हाताने धोटा फेकणाऱ्याला मान वर करता येत नाही, म्हणून चित्रे मी शब्दांनी सांगत असे. मी स्वतः चित्रकथा वाचत नाही. वाचणे आणि वाचून दाखवणे यांत भेद आहे. छापलेल्यापेक्षा एक अक्षर कमी नाही, एक अक्षर अधिक नाही, हा माझा नियम होता.

संकल्प : टेकचंदशी बोलताना आवाज चढवायचा नाही.

६ नोव्हेंबर. सायंकाळ.

आवाज चढला.

टेकचंद विणकर सोसायटीतून परस्पर आला. चहा घेतला. आचार्य विद्याधरांविषयी विचारताच म्हणाला, “बुढा मास्तर कोनता जी, गुरुजी? माह्या तर काई ध्यानात नाई. कर्दम्या शेवटी शुद्धलेखनाच्या शंभर ओळी लिवते, थे मातर पक्कं आठवते. लगित हासलो होतो आमी.”

खलनायकाची शिक्षा आठवते. ज्यांच्या सूचनेवरून ती दिली गेली, ते आठवत नाहीत. मी हे त्याला सांगितले. बहुधा ओट्यावरच्यांनाही ऐकू गेले असावे.

जाता जाता त्याने शंका काढली. म्हणे, “मुंबईवाल्याले आपली शेतातली बोडी, मामा तलाव, तलावातले झिंगे, हे सप्पा कसं ठाऊक जी?” मी सांगितले की, चांगला लेखक विषयाचा अभ्यास करतो. आत आमच्या सौ. कौशल्याबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या हसल्या. कारण विचारले असता म्हणाल्या, “खडा लागला.” निवडताना खडा लागून मनुष्य हसत नाही.

८ नोव्हेंबर.

वाचनालयाची सभा. उपस्थिती पाच, पैकी एक झोपेत. मी संपादक या नात्याने टेकचंदचा लेख दुरुस्तीवाचून घेणार नाही, असे सांगितले. चिटणीस गोपीचंद म्हणाला की, बाकीचे लेख म्हणजे सात शुभेच्छा आणि एक हिशेब. लोक वाचतील असा हाच एक. आणि आचार्य-बिचार्य कोणाला आठवत नाहीत.

मी उभा राहिलो. कार्यवृत्तात नोंदवा म्हणालो : “अंक ३५, ज्यात आचार्यांचा प्रवेश होतो, तो मी ३० नोव्हेंबरपर्यंत सादर करीन. न केल्यास मी संपादकपद सोडीन आणि टेकचंदचा लेख जसाच्या तसा छापावा.”

गोपीचंद म्हणाला, “राहू द्या ना जी. कॉमिकपायी कोनी राजीनामा देते का?” परंतु नोंद त्याने केली. एरवी एक वाक्य लिहायला त्याला पाव तास लागतो. हे वाक्य त्याने एका दमात लिहिले.

निवृत्तीनंतरच्या नऊ वर्षांत मला मिळालेले हे पहिलेच पद. ते गमावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. अंक कपाटात आहे.

९ नोव्हेंबर. दुपारी १२.

अंक कपाटात नाही. बांधीव खंड सापडला. त्यात अंक ३१, ३२ आणि ३३. पुढे पुठ्ठा. बांधणी करणाऱ्याचा निष्काळजीपणा. सात अंक गहाळ करणारा माणूस डिंक मात्र भरपूर वापरतो.

अंक ३३ चे शेवटचे चित्र : हिरव्या विजारीतला गगनकेतू साखळीने उलटा लटकलेला, खाली मगर. ‘क्रमशः’ हा शब्द विसर्गावाचून छापला आहे.

११ नोव्हेंबर.

पुनर्वाचनात एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात आली. अंक ३१ ते ३३ यांची भाषा लाजिरवाणी आहे. गगनकेतू म्हणतो, ‘मी आला आहे, थांब बदमाश!’ नायकाला प्रथमपुरुषी क्रियापद येत नाही आणि तो जगाचे रक्षण करणार.

उलट अंक ३४ पासून भाषा निर्दोष झाली. मगरीच्या जबड्यात पाय असताना गगनकेतू म्हणतो, ‘हे दुष्टा, ज्या क्षणी तू माझे हात बांधलेस, त्याच क्षणी तू आपल्या विनाशाचा पाया रचलास, हे विस्मरू नकोस.’ हे वाक्य मला आजही मुखोद्गत आहे. टेकचंद याच वाक्याची थट्टा करतो. पाण्याखाली एवढे बोलेपर्यंत मगरीने काय केले, असे विचारतो. मगर थांबली. चांगल्या वाक्यासाठी थांबावे लागते.

हा बदल का झाला, हे मी जाणतो. संपादकांना मी दुरुस्तीची चौदा पत्रे पाठवली होती. उत्तर एकाचेही आले नाही. उत्तर त्यांनी कृतीने दिले.

मुंबईच्या पत्त्यावर पंधरावे पत्र आज टाकले : अंक ३५ ची एक प्रत धाडावी.

१५ नोव्हेंबर.

साक्षी गोळा करण्यास आरंभ. पहिला साक्षी सुखराम. तेव्हा दाराजवळच्या मागावर बसे, आता आसगावला सासऱ्याची धानाची शेती करतो. सकाळच्या एस.टी.ने गेलो. कापणी चालू. सुखराम धानाच्या बांधीत वाकलेला. मी कडेच्या धुऱ्यावरून प्रश्न विचारले, त्याने वाकूनच उत्तरे दिली.

“गगनकेतू? आठवते ना जी! मगरीचा जबडा फाडते. वा रे पठ्ठ्या!”

आचार्य?

“कोन आचारी जी? सैपाकाचा?”

मी कोठडी, छत्तीस वर्षे, विणकामाचा पाठ हे सर्व पुन्हा समजावले. त्यावर म्हणाला, “गुरुजी, सहा माग खटखट करत. दारापाशी मले तुमचं ‘धडाम’ तेवढं आयकू ये. बाकीचं मी मनानंच भरो.” आणि पुढे, “आलेच हाये तं चार पेंढ्या बांधू लागा.”

अकरा बांधल्या. कंबर गेली. साक्ष निरुपयोगी.

संकल्प : साक्षी शेतात गाठायचे नाहीत.

२० नोव्हेंबर. टपाल.

पंधरावे पत्र परत. मागे शेजारच्या एखाद्या दुकानदाराने लिहिले आहे : ‘हे ऑफीस १९७८ च्या होळीआधीच बंद झाले. मालक गावी गेला.’

‘ऑफिस’मधील ‘फि’ दीर्घ काढणाऱ्या इसमाच्या स्मरणावर कितपत विसंबावे? शिवाय तर्क पाहा. कार्यालय होळीआधी बंद झाले असते, तर मार्च ते जून सात अंक कोणी काढले? अर्थात त्यांनी जागा बदलली. कौशल्याबाईंना हा युक्तिवाद ऐकवला. त्या म्हणाल्या, “तुमी म्हनता तं असंल. भाजी थंडी होऊन राहिली.”

२३ नोव्हेंबर.

हिरालालकडे. सहापैकी दोन माग उरले. तो खाटेवर बसून धाग्याच्या गाठी तपासत होता. आचार्य आठवतात का? विचार करून म्हणाला, “मले गोठीतलं काई नाई आठवत जी. मले माग आठवतात. त्या साली सुखराम अन् दुसरे दोघं नागपूरले मिलमंधी जायाले निंगाले होते. थैल्या बांधल्या होत्या. मंग म्हनले, गगनकेतू सुटू दे, मंग जाऊ. तो सुटता सुटे ना. तोवर लगनसराईची लुगडी उतरली.”

हे प्रस्तुत प्रश्नाशी संबंधित नाही, असे मी सांगितले.

तो म्हणाला, “आनंदाबाईले पुसा. सुताच्या कांड्या भरत तुमच्याच सामने बसे.” आनंदाबाईला अक्षरओळख नाही. मुद्रित मजकुराविषयी निरक्षर व्यक्तीची साक्ष घेणे पद्धतीस धरून होणार नाही.

२७ नोव्हेंबर.

टेकचंदचा धाकटा साळा नागपूरहून आला. तेथे जुन्या पुस्तकांच्या दुकानात चौकशी करण्यास मी त्याला कळवले होते. दुकानदार म्हणे हसला : “पराक्रम-चित्रे? तेहतीस निघाले. सारा संच आहे, नेता का?” तेहतीस अंकांना ‘सारा संच’ म्हणणाऱ्या दुकानदारापुढे काय बोलावे?

२८ नोव्हेंबर.

काही नाही. खोकला. गोपीचंद रस्त्यात भेटला आणि त्याने फार आदराने नमस्कार केला. हे लक्षण ठीक नाही.

संकल्प : पद्धत बाजूला ठेवून आनंदाबाईची साक्ष घ्यायची.

२९ नोव्हेंबर. दुपारी ३ ते ३.४०.

आनंदाबाई सत्तरीपलीकडची आहे. नजर शाबूत. रहाट फिरवून कांड्या भरतच होती. हात न थांबवता “बसा जी गुरुजी” म्हणाली.

विचारले : कथेतील वृद्ध आचार्य स्मरतात काय?

“तो बुढा मास्तर? आठवते ना! कोठडीत एकलाच बडबडे. कोनी आयके नाई त्याचं. मले लगित कीव ये त्याची.”

मी वही उघडली. चोवीस दिवसांतील पहिली खरी साक्ष. आनंद लपवून विचारले, तो भाग कोणत्या अंकात होता, मुखपृष्ठ वगैरे काही ध्यानात आहे का?

“अंक-बिंक मले काय समजते जी? चित्र समजते. थे सातई बार एकच होतं. हिरव्या पँटीचा उलटा टांगला हाये अन् खालतं मगर. होळीपासून पानी पडेतोवर तेच. बाकीच्याइच्या माना मागात, मी सामने. एक डाव तं तुमी कागदच उलटा धरला होता. त्या रोजी तो गडी सिधा उभा दिसे अन् मगर वरतं.”

मी म्हणालो, तुझी गफलत होत आहे.

“होत असंल बाप्पा.” कांडी भरली, दुसरी घेतली. “शेवटच्या रोजी छपराच्या कवेलूतून पानी टपकत होतं. वाचनारा मानूस पैले कागद वाचवते जी. तुमी टोपी वाचवली.”

असे होते, तर त्याच वेळी का सांगितले नाही?

“कायले सांगू? माग चालू होते. अन् तुमी बी किती हौसेनं येत होते जी. टोपीले नीळ देऊन.”

त्यानंतर तिने चहा ठेवला. मी तो घेतला की नाही, हे आता आठवत नाही. वहीत काही लिहिले नाही.

३० नोव्हेंबर.

सकाळी १० वाजता गोपीचंदच्या घरी संपादकपदाचा राजीनामा दिला. अंक ३५ सादर करता आला नाही, एवढेच कारण लिहिले. टेकचंद तेथे होता. त्याने विचारले, लेखात बुढ्या मास्तरचे चार शब्द घालू का जी? मी नको म्हणालो. त्या पात्रास छापील आधार नाही.

शुद्धलेखनाचे दोन कागद त्याला दिले. ते त्याने नीट घडी करून खिशात ठेवले.

तारखा पुढीलप्रमाणे दुरुस्त समजाव्यात.

१ फेब्रुवारी १९७८ : अंक ३१. प्रकरणास आरंभ. (टेकचंद म्हणतो, जानेवारी. चूक टेकचंदची.)

१६ फेब्रुवारी : अंक ३२.

१ मार्च : अंक ३३. मुद्रित अंकांपैकी अखेरचा.

१६ मार्च : अंक आला नाही. वाचन झाले. भाषा निर्दोष.

१ एप्रिल : अंक आला नाही. वाचन झाले. आचार्यांचा प्रवेश.

१६ एप्रिल ते १ जून : अंक आले नाहीत. वाचने चार.

१६ जून : कथा संपली, असे मी सर्वत्र सांगितले आहे. त्या दिवशी कथा संपली नाही. वाचनच झाले नाही. पुढे काय घडवावे, ते सुचले नव्हते. (चूक माझी.)

जुलै १९७८ : पाऊस. कथा संपली. (टेकचंद म्हणतो, पावसाळा. बरोबर.) नेमकी तारीख मी नोंदवलेली नाही.