मांजर धक्क्यावरच थांबली

मी, श्यामकांत गजानन धैर्यवान, वय वर्षे चौऱ्याहत्तर, सेवानिवृत्त, पूर्वी फोर्टमधील एका सॉलिसिटरच्या ऑफिसात मुख्य कारकून, राहणार गिरगाव, मुंबई, माझ्या मागे माझ्या मालमत्तेची व्यवस्था कशी लावावी हे माझ्या स्वतःच्या हाताने, कोणाच्याही धाकाशिवाय व दबावाशिवाय लिहून ठेवीत आहे. यापूर्वी मी दोनदा मृत्युपत्र केले होते. ती दोन्ही रद्द समजावीत. त्यांत मी फार शहाणा वाटतो.

माझी बुद्धी शाबूत आहे. हे वाक्य मी नोकरीत असताना दुसऱ्यांसाठी इतक्या वेळा लिहिले की त्याचा अर्थ काय हे कधी मनात आले नाही. माझ्या बाबतीत मात्र खुलासा करावा लागतो. गेल्या वर्षीच्या श्रावणात मला पक्षाघाताचा सौम्य झटका आला. हातपाय शाबूत राहिले, बोलणे राहिले, स्मरण राहिले. वाचणे गेले. सकाळी चहाबरोबर पेपर उघडला आणि पत्नीला विचारले, "नलू, आज कुठल्या भाषेतला पेपर टाकून गेलाय?" ती हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायची थांबली.

आमच्या डॉक्टर माया नवलकर यांनी समजावून सांगितले, "काका, मेंदूत वाचायची वाट वेगळी आणि लिहायची वेगळी. तुमची वाचायची बंद पडलीय. लिहायची चालू आहे." तेव्हा मी लिहू शकतो, पण लिहिलेले मला वाचता येत नाही. हे वाक्य पूर्ण झाले की ते मलाही परके होते. रोज बसताना नलू कालची शेवटची ओळ वाचून दाखवते आणि मी पुढे लिहितो. एखादी गोष्ट दोनदा आली असल्यास ती एकदाच धरावी.

१. गिरगावातील आमची जुनी चाळ पाडून तिथे उभ्या राहिलेल्या इमारतीतील माझी सदनिका माझी पत्नी सौ. नलू हिला द्यावी, व तिच्या पश्चात आमची एकुलती एक मुलगी मधुरा हिला. मधुरा वडाळ्याला स्वतःच्या घरात सुखी आहे. आईला तिकडे नेण्याचा आग्रह तिने धरू नये. नलूला खिडकीतून रस्ता दिसल्याशिवाय जेवण जात नाही.

२. बँकेतील ठेवी, पोस्टातील पैसे आणि घरातील दागिने नलूचे. दागिने तसेही तिच्याच माहेरचे आहेत, मी ते फक्त लॉकरमध्ये ठेवण्याचे काम केले.

३. माझ्या रहस्यकथा. ऑफिसात सगळ्यांचा समज होता की धैर्यवान घरी कायद्याचे आणि इतिहासाचे ग्रंथ वाचतात. तो मी मोडला नाही. खरे म्हणजे दिवसभर लोकांची भांडणे वाचून घरी आल्यावर मला एक चांगला खून लागत असे. या पुस्तकांपैकी निम्मी नलूचा भाऊ वसंत याने माझगावला नेली व परत केली नाहीत. तो पहिली चार पाने वाचतो आणि शेवटचे पान बघतो. ती त्यालाच द्यावीत, म्हणजे मागायला जावे लागणार नाही. उरलेली निम्मीही त्याला द्यावीत. अर्ध्या पुस्तकांचे तो काय करणार.

४. नलू दोन वर्षांपासून कादंबऱ्या फोनवर ऐकते. मेथी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना तिच्या कानात कोणीतरी वाचत असते. मी तिला चारचौघांत म्हणत असे, "ही पुस्तकं चावून दिलेली खाते." ती कधी उलट बोलली नाही. आजारानंतर एका दुपारी मी नुसता भिंतीकडे बघत बसलो होतो. तिने एक इअरफोन स्वतःच्या कानातून काढला आणि माझ्या कानात घातला. गोष्ट मध्यावर आलेली होती, मला काही कळेना. तिने मागे नेऊन पहिल्यापासून लावली. तिची स्वतःची अर्धी ऐकून झाली होती, तरी. या बाबतीत मी तिला काही देऊ शकत नाही. लिहून ठेवतो की माझे चुकले होते.

(नलू वाचून म्हणाली, "अहो, हे मृत्युपत्रात कशाला? तोंडाने सांगायचं." तोंडाने सांगणे मला जमले नाही, म्हणून इथे.)

५. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी उन्मेष पळसुले यांना मी काही देत नाही. ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये असा आमच्या ऑफिसचा दंडक होता. कारण खरे आहे आणि सोयीचेही आहे. उन्मेष यांनी सोसायटीच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी मुलांसाठी गोष्टीचा तास सुरू केला. एका सभेत ते म्हणाले, "मुलांना मराठी वाचायचा कंटाळा येतो. महिन्यातून एकदा स्पीकरवर गोष्ट ऐकवू या, गोडी लागेल." मी उठून म्हणालो, "कानाने वाचणाऱ्यांनी वाचनावर बोलू नये." टाळ्या मिळाल्या. नलू दुसऱ्या रांगेत बसली होती. तेव्हापासून शनिवारचे वाचन माझ्याकडे आले, आणि उन्मेष यांच्याशी माझे जिन्यापुरते बोलणे राहिले.

६. माझे पुस्तकांचे काचेचे कपाट व त्यातील मुलांची सर्व पुस्तके आमच्याच इमारतीत राहणाऱ्या वैदेही सामंत यांचा मुलगा अर्णव, वय नऊ, याला द्यावीत. रक्ताचे नाते नसलेल्या मुलाला हे का, असा प्रश्न कोणी विचारू नये म्हणून कारण देतो.

वाचणे गेल्याचे नलू आणि डॉक्टर माया यांच्याशिवाय मी कोणाला कळू दिले नाही. मधुरालासुद्धा नाही. शनिवारी मी पुस्तक हातात धरून तोंडपाठ गोष्टी सांगू लागलो. पाने अंदाजाने उलटायचो. माझी नात नूपुर शनिवारी आमच्याकडे येते, ती माझ्या शेजारी बसून पुस्तकात बघायची. तिला मराठी मीच शिकवले. ती तिसरीत आहे, शाळा इंग्रजी, पण जोडाक्षरे आता अडत नाहीत. तिला केव्हा कळले ते मला माहीत नाही. मी पान चुकीचे उलटले की तिचे बोट हळूच ते मागे घ्यायचे. मी समजत होतो की तिला चित्र बघायचे आहे.

नाताळच्या सुट्टीत उन्मेष यांनी मुलांसाठी नवी पुस्तके आणली आणि वरचे माझ्या हातात दिले. "काका, हे वाचा. सगळ्या मुलांच्या तोंडी सध्या हेच आहे." गोदीतल्या एका मांजरीची गोष्ट होती. चित्रे छान होती, त्यांच्या आधाराने मी रेटत नेली. मांजर, खलाशी, मासळीची टोपली, बोट. शेवटच्या पानावर नुसता समुद्र आणि लांब गेलेली बोट होती. मांजर कुठे दिसेना. मी म्हणालो, "आणि मांजर बोटीत बसून दूरदेशी निघून गेली."

अर्णव पुढच्या रांगेत होता. हा मुलगा मराठी वाचायला घाबरायचा. वर्गात हसतात म्हणून त्याच्या आईने मुद्दाम या तासाला पाठवायला सुरुवात केली होती, आणि तो क्वचितच तोंड उघडत असे. त्या दिवशी तो पुढे सरकला, पुस्तकावर बोट ठेवले आणि सावकाश म्हणाला, "आजोबा, असं नाहीये. इथे लिहिलंय, 'मांजर धक्क्यावरच थांबली.'"

मला तिथेच थांबता आले असते. चष्मा विसरलो म्हणता आले असते. मी म्हणालो, "धक्क्यावर? तुला हे वाचता येतं? मागच्या महिन्यात 'क्रिकेट'वर अडकला होतास ना?"

मुले हसली. अर्णवचे कान लाल झाले. तरी तो मागे हटला नाही. "नूपुर, तू बघ. काय लिहिलंय?"

नूपुरने पुस्तकात बघितले. मग माझ्याकडे. आणि म्हणाली, "आजोबांनी वाचलं तेच."

अर्णवने बोट काढून घेतले. आडनाव धैर्यवान लावणारा मी पुस्तक मिटून "चला, खाऊ घ्या" म्हणालो.

वर घरी आल्यावर नूपुर चप्पल काढताना म्हणाली, "आजोबा, तुम्हाला वाचता येत नाही ना आता?"

मी विचारले, "कोणी सांगितलं?"

"कोणी नाही." तिने चप्पल कोपऱ्यात सरकवली. "मी खोटं बोलले. आईला सांगाल?"

शिक्षा मला व्हायला हवी होती आणि भीती ती बाळगत होती. मी "नाही सांगणार" एवढेच म्हणालो. आत जाऊन पडलो. जेवायला उठलो नाही.

पुढच्या शनिवारी अर्णव आला नाही. मी त्यांच्या घरी गेलो. वैदेही परळच्या बँकेतून नुकत्याच आल्या होत्या, पर्सही खाली ठेवली नव्हती. म्हणाल्या, "काका, तो म्हणतो मला मराठी वाचता येतच नाही, मी वाचणार नाही. इतके दिवस हळूहळू जमत होतं हो. काय झालं, सांगतही नाही." म्हणजे त्याने माझे नाव घेतले नव्हते.

मी अर्णवला म्हणालो, "तू बरोबर वाचलंस. मला वाचता येत नाही."

"मोठ्या माणसांना येतं," तो म्हणाला. आत जाऊन शाळेचे पुस्तक घेऊन आला आणि एका शब्दावर बोट ठेवले. मी बघत राहिलो. रेषा होत्या, वळणे होती. त्याने दुसऱ्या शब्दावर ठेवले, तिसऱ्या. आपल्या आईसमोर तो माझी परीक्षा घेत होता आणि मी देत होतो.

"हे 'बस' आहे," तो म्हणाला. "दोनच अक्षरं आहेत."

"ते मला अक्षरासारखं दिसतच नाही रे."

त्याने पुस्तक मिटले. तेव्हा मला वाटले सुटलो. तो म्हणाला, "पण तुम्ही सगळ्यांसमोर बोलला होतात."

वैदेही म्हणाल्या, "अर्णव, असं बोलतात का?" मी म्हणालो, "बोलू द्या. तो बरोबर बोलतोय."

त्याच्या पुढच्या शनिवारी मी सगळ्यांसमोर सांगितले. मुलांना, आलेल्या आयांना, उन्मेष यांना आणि मुद्दाम बोलावलेल्या मधुराला. मांजर धक्क्यावर थांबली होती, अर्णवने नीट वाचले होते, मी श्रावणापासून तुम्हाला फसवत होतो, एवढेच बोललो. मधुरा रडली. ती माझ्या आजारासाठी रडली की लपवले म्हणून, ते मी विचारले नाही. उन्मेष यांना टोमणा मारण्याची ही चांगली संधी होती. त्यांनी उठून मला खुर्ची दिली आणि ते पुस्तक स्वतः पहिल्यापासून वाचले.

अर्णव दाराशी उभा राहून ऐकत होता. आत आला नाही. आता तो शनिवारी येतो, मागे बसतो. त्या दिवसानंतर सगळ्यांसमोर त्याने अजून एकदाही वाचलेले नाही. वैदेही म्हणतात, घरी दार लावून वाचतो. म्हणून कपाट त्याला. ही भरपाई नव्हे, मला तसा हिशेब मांडता येत नाही. पुस्तके घरात असली तर दार लावून का होईना, वाचत राहील. त्याने ती फाडली, विकली, रद्दीत दिली तरी कोणी हरकत घेऊ नये.

७. माझी शाईची पेने मधुराला. भिंग डॉक्टर माया यांच्या दवाखान्यात ठेवावे, वाचू शकणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्याला उपयोगी पडेल. माया मॅडम साक्षीदार असल्या तरी भिंग दवाखान्याला आहे, त्यांना नव्हे.

८. माझ्या मागे फार विधी करू नयेत. दहा दिवस लोक भेटायला येतील, त्यांनी माझ्या वाचनाचे कौतुक सुरू केले तर नलूने विषय बदलावा. शनिवारचा तास त्या आठवड्यातही बंद ठेवू नये. उन्मेष यांनी हवे तर स्पीकर लावावा.

९. नात नूपुर हिला मी वस्तू म्हणून काहीही ठेवीत नाही. तिला जे द्यायचे ते आई-आजीकडून मिळेल. तिच्याकडून मला एक गोष्ट घ्यायची आहे. मृत्युपत्रात घेता येते की नाही ते मला माहीत नाही, इतकी वर्षे ऑफिसात अशी नोंद पाहिली नाही. डिसेंबरातल्या त्या शनिवारी ती जे बोलली ते तिचे नव्हते. आठ वर्षांच्या मुलीने आजोबाची लाज झाकली आणि मित्राला खोटे पाडले, आणि मी ते होऊ दिले. ती आता ते विसरल्यासारखे वागते, पण अर्णव जिन्यात भेटला की खाली बघते. तेव्हा मी लिहून देतो की ते खोटे माझे होते, माझ्याच नावावर राहावे, आणि माझ्याबरोबर जावे. मोठी झाल्यावर तिने हा कागद स्वतः वाचावा. तिच्यावर आता काही शिल्लक नाही.

मधुरा हिने या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून अंमलबजावणी करावी. वरील मजकूर मी स्वतः लिहिला असून, तो मला वाचता येत नसल्याने श्री. उन्मेष पळसुले यांनी मला पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवला. डॉ. माया नवलकर समोर बसल्या होत्या. मजकूर माझ्या मनातलाच आहे. ऐकताना पुष्कळ ठिकाणी मान खाली गेली, तरी एकही शब्द बदलण्याची माझी इच्छा नाही. म्हणून दोघांच्या देखत खाली सही करीत आहे. सही कुठे करायची ती जागा उन्मेष यांनी बोट ठेवून दाखवली.

स्थळ : गिरगाव, मुंबई
दिनांक : १४ फेब्रुवारी २०२६

(सही) श्यामकांत गजानन धैर्यवान

श्यामकांत धैर्यवान यांनी आमच्या समक्ष शुद्धीत व राजीखुशीने सही केली, आणि आम्ही त्यांच्या व एकमेकांच्या समक्ष सही केली.

साक्षीदार :
(सही) डॉ. माया नवलकर, गिरगाव. मी त्यांना आज तपासले आहे. समज पूर्ण आहे.
(सही) उन्मेष रघुनाथ पळसुले, गिरगाव. संपूर्ण वाचून दाखवले.