निम्म्या भावात नाही

क्लाक्सविक, फेरो बेटं

रन्वाताई,

कोपनहेगनहून तुझा फोन आला, तेव्हा आई शेजारी होती म्हणून मी नुसतं 'नाही' एवढंच म्हटलं. तुझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकाला माझा स्वेटर निम्म्या भावात हवा होता. तू म्हणालीस, "देऊन टाक गं, घरबसल्या तर विणतेस!"

घरबसल्याच माझे खांदे हिवाळाभर ठणकतात, ताई. लोकर धुण्यापासून सगळं मीच करते. मी नाही म्हटलं, तर तू स्वेटर परत पाठवलास.

काल तो बोटीने आला. आई म्हणाली, "पडून राहील बघ." मी तो सरळ अंगात घातला. आजवर इतके विणले, पण स्वतःसाठी एकही ठेवला नव्हता.

तसाच घालून धक्क्यावर गेले. तिथे मासळी साफ करणारी बिल्ला भेटली; तिने हात पुसून बाही चाचपली.

"केवढ्याला?"

मी पूर्ण किंमत सांगितली.

"महाग आहे गं!"

"आहेच."

ती हसली. "मग माझ्या मापाचा विण. फक्त आमच्या ह्यांना किंमत सांगू नकोस."

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, नाहीतर तू पुन्हा घासाघीस करशील. दुकानातली माझ्या स्वेटरांची फळी रिकामी राहिली, की समजून घे.

तुझी धाकटी,
मार्युन