एका दमात सहा रूपं

४ जानेवारी, रविवार
पेणहून आत्ताच आले. एसटीत वाकणपर्यंत उभी, पण तेवढ्यात 'बोलणे' तोंडपाठ झालं. आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. मी बोलते, तू बोलतोस, तो, आम्ही, तुम्ही, ते. कंडक्टर म्हणाला, "ताई, कसलं स्तोत्र हाय?" म्हटलं, "अर्जेंटिनाचं." बिचारा पुढे सरकला.

झैनबकडे हा दुसरा रविवार. वडिलांच्या कापडदुकानाच्या वर तिची खोली, तिथेच स्पॅनिशचा क्लास. पोरगी तेवीसची, मी अडतीसची, आणि ओरडते ती मला! आज म्हणाली, "नियमित क्रियापदं म्हणजे शहाणी मुलं, वंदूताई. आर, एर, ईर, अशी तीनच घरं. शेवटचा तुकडा काढायचा, नवा लावायचा. सांगितलं तसं वागतात." माझ्या कबड्डीच्या पोरींपेक्षा बरी म्हणायची.

५ जानेवारी
लिहून ठेवते, म्हणजे माघार नको. ८ फेब्रु.ला संध्याकाळी व्हिडिओवर अर्धा तास कबड्डीचा सराव घ्यायचा. समोर अर्जेंटिनातल्या एका छोट्या क्लबच्या मुली. त्यांना इंग्रजी येत नाही, मधे दुभाषी नाही, जे काय ते स्पॅनिशमधे. जमलं तर सहा महिने तिकडे त्यांची कोच.

संघातल्या सायलीने आमच्या सरावाचा व्हिडिओ टाकला काय, तो बघून त्या क्लबच्या मारिएलाने मला मेसेज केला काय. अजून खरं वाटत नाही.

मला जायचंय. खूप जायचंय. एवढी वर्षं खेळले, पण पनवेलच्या पुढे कधी खेळले नाही, हे मी कुणाला बोलून दाखवत नाही. इथे लिहायला काय जातं?

सु. म्हणतो, "तुझा मराठीतला आवाज आयकला तरी पळतील गो त्या." लग्नाला चौदा वर्षं झाली, विनोद अजून तेच.

८ जानेवारी
शाळा सुटल्यावर मैदानावर. पोरींचा दमाचा सराव चालला होता, एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हणत मैदानाला फेरी. मी कडेला उभी राहून 'उडी मारणे' घोकत होते. साल्तो, साल्तास, साल्ता, साल्तामोस, साल्ताइस, साल्तान.
सायली पळता पळता थांबली. आमची सगळ्यात चपळ चढाई करणारी, आणि सगळ्यात आगाऊ. "ताई, ह्ये कबड्डीपेक्षा भारी हाय. आमाला पन दे."
दिलं. पाच मिनिटांत अख्खा संघ साल्तो साल्तास करत पळतोय. हेडबाई खिडकीतून बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

११ जानेवारी, रवि.
भूतकाळ मिळाला. साल्ते, साल्तास्ते, साल्तो, साल्तामोस, साल्तास्तेइस, साल्तारोन. झै. म्हणाली, आधीचं 'साल्तो' म्हणजे मी उडी मारते, आणि हे 'साल्तोऽ' म्हणजे त्याने मारली. सगळा जोर शेवटी. मी दिला जोर. तिचे अब्बा दुकान सोडून धावत वर आले, वर काय पडलं बघायला. मग चहा झाला. मस्त माणूस. म्हणाले, "बाई, तुम्ही मैदानातल्या, खोलीत मावणार नाही तुमचा आवाज."

१४ जाने.
संक्रांत. इथे अष्टमी गावात शेजारी हळदीकुंकवाला गेले तर सगळ्या मागेच लागल्या, बोल ना काहीतरी तुझं स्पॅनिश. बोलले. तीनही घरं, दोन्ही काळ, न थांबता.
शेजारच्या काकी म्हणाल्या, "येवढं बोललीस गो, पन झालं काय?"
"उडी मारली."
"कोनी?"
"सगळ्यांनी, काकी."
हसून हसून काकींच्या हातातला तिळगूळ सांडला.

१८ जानेवारी
हरलो. नागोठण्याला, एका गुणाने.
शेवटची चढाई सायलीची. दोन्हीकडे सारखे गुण. पोरगी ताणात आत गेली आणि तोंडातून काय निघालं? कोर्रो, कोर्रेस, कोर्रे! पळणे, एर-घर, वर्तमान. पंचांची शिट्टी. 'कबड्डी' सोडून दुसरं काही म्हटलं की चढाई बाद आणि गुण समोरच्यांना, नियमच आहे. तरी मी पंचांशी भांडले, आवाज चढवून भांडले, आणि माझंच चुकतंय हे भांडतानाच कळत होतं.
टेम्पोने परत. सायली पार मागे जाऊन बसली.

१९ जाने.
मैदानावर स्पॅनिश बंद. सगळ्यांना सांगितलं. माझ्या हौसेपायी पोरींचा सामना गेला, पुरे झालं. मारिएलाला 'जमणार नाही' असं लिहून टाकावं का? झै.ला विचारलं, याचं स्पॅनिश काय. तिने सांगितलं नाही. म्हणाली, अजून शिकवलेलं नाही.

२१ जाने.
संध्याकाळी दारात सगळा संघ. घामेजलेल्या, रोह्याच्या मैदानावरून पूल ओलांडून पळत आलेल्या. मला वाटलं कुणाला लागलं की काय.
सायली पुढे. "ताई, हरलो आमी, आनि तोंड पाडून तू बसलीस?"
"स्पॅनिश बंद म्हणजे बंद."
"सामन्यात कबड्डी, सरावात साल्तो. येवढं आमाला कळत नाय व्हय?"
मागून बाकीच्या लगेच, व्हय ना ताई, व्हय ना. सु. नुकताच धाटावच्या कंपनीतून शिफ्ट करून आलेला, डबा हातात. तो म्हणाला, "आता हो म्हन गो, नायतर या सगळ्या आज इथंच जेवतील."
हो म्हटलं. तरी जेवल्याच. पिठलंभात. इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

२५ जाने., रवि.
भविष्यकाळ! मला सगळ्यात आवडला. इथे काही कापायचंच नाही, अख्खा शब्द ठेवायचा आणि पुढे जोडायचं. साल्तारे, साल्तारास, साल्तारा, साल्तारेमोस, साल्तारेइस, साल्तारान. तीनही घरांना शेपट्या त्याच.
पण एक घोळ लक्षात आला. झै.ने विचारलं, "आपण पळतो, चटकन सांगा." मला चटकन येईना. कोर्रोपासून सुरुवात केली तेव्हा कुठे चौथ्या नंबरला कोर्रेमोस हाती लागलं. सात चोक विचारलं की मी लहानपणी सात एके सातपासून निघायचे, तसंच. झै.ने कपाळाला हात लावला. "ताई, कोचला तेच तर लागणार! आता आपण पळतो, आता आपण पकडतो. चौथंच सुटं आलं पाहिजे."

१ फेब्रु., रवि.
चौथं सुटं येत नाही. आठवडाभर भांडी घासताना, वर्गात हजेरी घेताना, सगळीकडे प्रयत्न केला. दम घेतला की तोंड आपोआप पहिल्यापासून निघतं. खेळाडूचं तोंड आहे, एकदा सुटलं की रेषेपर्यंत थांबत नाही.
वर झै. आज सांगते, ते पाचवं, 'तुम्ही'चं रूप, अर्जेंटिनात वापरतच नाहीत.
"मग मी महिनाभर पाठ कशाला केलं?"
"दमासाठी," म्हणाली. हसत होती, चहाटळ पोरगी.

७ फेब्रु.
सु.ने सुट्टी टाकली आणि दुपारभर अर्जेंटिनाच्या मुली झाला. एकटाच, सगळ्या. मी म्हटलं, आओरा, म्हणजे आता, सा... सा... आणि अडले. सु. सोफ्यावर दोन्ही पाय वर घेऊन बसला, "कोच, आमी उडी मारू का नको?" मला हसू आवरेना. पण तिकडे दुसराही एक उमेदवार आहे, त्याची परीक्षा झाली, त्याला स्पॅनिश घडाघडा येतं. हे मारिएलाने आज कळवलं. आजच कशाला कळवायचं!

८ फेब्रुवारी, रविवार
काय लिहू, कुठून लिहू.
इकडे आपलं मैदान, ऊन उतरलेलं, माझ्या मुली करून दाखवायला मागे उभ्या. झै. पेणहून मुद्दाम आली. तिकडे सकाळ, हिरवळ, मुली गोल करून. मारिएलाने फोन कुठेतरी उंच लावलेला. ब्वेनोस दीआस झालं, नाव सांगून झालं. मग 'आओरा' म्हटलं आणि डोकं कोरं. पुढे कोर्रेमोस हवं. येईना. सगळे बघतायत. शेवटी दम घेतला आणि सोडून दिलं, कोर्रो-कोर्रेस-कोर्रे-कोर्रेमोस, आणि थांबता येईना म्हणून कोर्रेइस-कोर्रेन पण.
तिकडे मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं संपलं.
मग एका कुरळ्या केसांच्या मुलीने भसकन श्वास घेतला आणि कोर्रो कोर्रेस कोर्रे म्हणत रेषेपर्यंत पळत सुटली. तिला वाटलं हाच सराव आहे! तिच्यामागे दुसरी, तिसरी. मग माझ्या पोरी कसल्या गप्प बसतायत? सायलीने इकडून सुरू केलं. दोन्हीकडे एकच धिंगाणा, फोनवर आवाज मागेपुढे होतोय, कोणी उड्या मारतंय, कोणी मधेच दम तुटून बसतंय. मारिएला स्वतः पळाली.
मग मला कसली भीती? पकड शिकवायची तर अगार्रो, अगार्रास, अगार्रा, अगार्रामोस. सगळं पहिल्यापासून, सगळं एका दमात. अर्ध्या तासाचा तास झाला. शेवटी बजावून सांगितलं, पार्तीदो, सोलो कबड्डी. सामन्यात फक्त कबड्डी. नागोठणं पुन्हा नको.
फोन बंद झाल्यावर झै. माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, "ताई, तुम्ही एकही वाक्य धड बोलला नाहीत." आणि रडायला लागली, आनंदाने. क्लबची कमिटी काय ठरवायचं ते ठरवो. असा तास मी आयुष्यात घेतला नव्हता.

१२ फेब्रु.
काही कळलं नाही. फोन सारखा बघते. सु.ने तो उचलून कपाटावर ठेवला, मी स्टूल घेऊन काढला.

१५ फेब्रु., रवि.
क्लासला गेले. झै.ने विचारलं, परीक्षा झाली, आता कशाला? म्हटलं, अपूर्ण भूतकाळ राहिलाय ना. साल्ताबा, साल्ताबास. मी उड्या मारत असे. हा काळ गोड आहे, आळसावलेला. पण जीव फोनमधे.

१८ फेब्रु.
मारिएलाचा मेसेज. मला घेतलं!! कमिटीत मतं सारखी पडली होती, मग मुलींना विचारलं, त्या म्हणाल्या आम्हाला ओरडणारी पाहिजे. जूनपासून सहा महिने. सोमवारपर्यंत उत्तर द्या.
शाळेच्या व्हरांड्यात ओरडले. चौथीचा वर्ग बाहेर आला. हेडबाई आधी रागावल्या, मग कळल्यावर रजेला स्वतःच हो म्हणाल्या. सु.ला फोन केला तर कंपनीच्या आवाजात त्याला काही ऐकू येईना. "काय? कोन पडलं?" "पडलं नाही, निवडलं!" नंतर त्याचा मेसेज आला, फक्त जिलेबी, एक किलो, आणतो.

२१ फेब्रु., शनि.
आज पोरींना सांगितलं. सराव संपवून, मातीत गोल बसवून. सहा महिने मी नसणार. मग एकदम सगळ्या, तिकडं भात मिळतो का, थंडी हाय का, सु. दादाचं काय. सराव आम्ही घेऊ, तू रविवारी व्हिडिओवर ये, हे त्यांनीच ठरवून टाकलं.
सायली माती उकरत बसलेली. शेवटी म्हणाली, "त्यांना चोरपाय पन शिकवशील?"
नजर एकीकडे, पाय दुसरीकडे. वर्षभर घासून बसवलाय आम्ही, तालुक्यात दुसऱ्या कुणाला येत नाही.
म्हटलं, "तो नाही. तो आपला."
"का नाय? शिकव की. कच्च्या पोरींना हरवून काय मजा हाय? येतील ना कदी आपल्यासमोर."
सोळा वर्षांची पोर. मी शिट्टी मारून सगळ्यांना एक फेरी मारायला पळवलं, नाहीतर त्यांच्यासमोरच रडले असते.
घरी येऊन मेसेज लिहिला. आसेप्तो. स्वीकारते. आर-घर, वर्तमान, मी. झै.ला फोटो पाठवून तपासून घेतला, ती म्हणाली एक शब्द आहे ताई, बरोबर आहे, पाठवा. सु. स्वयंपाकघरातून तिसऱ्यांदा ओरडला, "पाठव गो, काय बघतेस?"
भीती नाही, शंका नाही. जाणार आहे मी. पण एवढा आनंद मला पहिल्यांदाच झालाय आणि तो पाठवून टाकायच्या आधी थोडा वेळ असाच हातात धरून बसावंसं वाटतंय. अंगठा बटणावर आहे.