भाऊजींची वाट

१२ जून

प्रिय वन्सं, स. न. वि. वि.

गावात करमतं का, असं विचारलंत. मावशींचं रिकामं घर झाडून घेतलं. रोपवाटिकेत काम मिळालं, पिशव्यांत माती भरायची. सुरुवातीला बायका मला शहरवाली म्हणायच्या आणि पलीकडच्या रांगेत बसायच्या.

परवा एक पिशवी फाटली आणि माझ्या तोंडून तुमच्या थोरल्या दादांचा उद्धार झाला. सगळ्यांचे हात थांबले. मग सांगूनच टाकलं. छापखान्यात ह्यांच्या छातीत कळ आली, तेव्हा भाऊजींनी ह्यांना स्टुलावर बसवलं आणि शेवटचा गठ्ठा निघाला की दवाखान्यात जाऊ म्हणाले. गठ्ठा निघाला. हे तिथेच गेले.

मुकादमीण उठली. आपलं घमेलं उचलून माझ्याशेजारी येऊन बसली. आता तिथल्या गळक्या नळालाही सगळ्या भाऊजी म्हणतात. तेव्हा करमतं.

लोभ तुम्ही ठेवा, राग मी ठेवते.

तुमची वहिनी

४ ऑगस्ट

ती. वहिनीस, सा. न. वि. वि.

नळाचं वाचून हसले, मग हसल्याचं वाईट वाटलं. तोही माझा भाऊच. एक गेला, एक उरला. मी कुणाच्या बाजूने बसू?

दादाला झोप नाही. यंत्र सुरू करतो आणि लगेच बंद करतो. तुझ्या पाया पडायचं म्हणतो. रविवारी निघेल. हवं ते बोल, पण घरात घे.

लहान तोंडी मोठा घास घेतला. माया पातळ करू नकोस.

तुझी नणंद

१२ ऑगस्ट

प्रिय वन्सं, स. न. वि. वि.

काल मी दारात खुर्ची टाकून बसले होते. भाऊजी येणार म्हणून बायकांनाही सांगून ठेवलं होतं. आले नाहीत. त्यांची तेवढीही हिंमत झाली नाही.

पुढे लिहवत नाही. लोभ आहे तो राहू द्या.

तुमची वहिनी

२० ऑगस्ट

ती. वहिनीस, सा. न. वि. वि.

दादा आला होता. कंडक्टरने त्याला फाट्यावरच उतरवलं. चहावाला म्हणाला, अशी बाई इथे राहत नाही. पुढे एक दांडगी बाई फावडं घेऊन उभी होती, तिने त्याला भलत्याच गावाचा रस्ता दाखवला. पायांना फोड घेऊन घरी आला.

आल्यावर म्हणाला, वहिनीला माणसं मिळाली, आता माझा जीव हलका झाला. तेव्हापासून गाढ झोपतो. तुझ्या माणसांचे उपकार झाले बघ.

अशीच जवळची राहा.

तुझी नणंद

२८ ऑगस्ट

वन्सं,

तुमचं पत्र मुकादमिणीला वाचून दाखवलं. फावडं तिचंच. मी खूश होईन असं तिला वाटलं होतं.

हे गेल्यापासून अंगण झाडताना, पाणी भरताना मी त्याला बोलायचं ते घोटून ठेवलं आहे. त्यातला एक शब्दही न ऐकता तो सुटला. वर माझी काळजीही मिटवून बसला.

त्याला परत पाठवा. या वेळी कुणी अडवायचं नाही, असं मी बायकांना बजावलं आहे. मुकादमीण रुसली. म्हणाली, तो काय तुझ्या एकटीचा आहे, आम्हीही एवढ्या शिव्या घातल्यात. तिला माझ्याशेजारी बसायला सांगितलं आहे. मध्ये ती बोलणार नाही.

बोलणं लांबलचक आहे. सकाळच्या गाडीनेच पाठवा.

तुमच्यावरचा लोभ आहे तसाच.

तुमची वहिनी