बोट धक्क्याला लागली तो दिवस

रोझो, डॉमिनिका
६ ऑक्टोबर १९९६

चि. सौ. क्लोडेट हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोस्टातून घेतलं आणि तिथेच पायरीवर बसून वाचलं. म्हणजे कीथच्या आईला अखेर बोटीच्या सफरीची हौस आली आणि सूनबाईही बरोबर निघाल्या. त्यातून बोट एक दिवस आपल्या रोझोला थांबणार. लग्न होऊन टोरांटोला गेलीस ती गेलीस, आता जानेवारीत का होईना, तुझं तोंड दिसेल. आईला मी पत्र वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तिनं ते मलाच पाठ म्हणून दाखवलं. डोळे गेले तरी कान शाबूत आहेत म्हातारीचे.

बोटीवर कसं वागायचं, चुकलं तर लोक हसतील का, असं विचारलंस. अगं, इतकी वर्षं मी बोटीवर प्रवाशांच्या चादरी बदलल्या. तिथं नवख्याला कोणी हसत नाही, माजोऱ्याला मात्र हसतात, तेही खाली नोकरांच्या खानावळीत. तेव्हा घाबरू नकोस. चढताना औषधं, पासपोर्ट आणि एक बदलायचा कपडा हातातल्या पिशवीत ठेव. मोठी बॅग खोलीत यायला रात्र होते आणि तोवर बायका प्रवासाच्या घामेजल्या कपड्यांत जेवायला बसतात. पहिल्याच दिवशी जीव वाचवायची कवायत असते. तिथं नारिंगी जाकीट घालून फिदीफिदी हसायचं नाही. जेवायला आठवडाभर एकाच टेबलावर तीच माणसं असतात, म्हणून पहिल्या रात्री कोणाच्या पगाराची, आजाराची आणि राजकारणाची चौकशी नको. सगळ्यांची ताटं आल्याशिवाय काटा उचलू नकोस. काटे बाहेरून आत वापरत जायचे. आपापलं वाढून घ्यायचं असतं तिथं ताटात डोंगर रचू नकोस, पुन्हा उठता येतं. पहाटे उठून खुर्चीवर टॉवेल टाकून जागा अडवणाऱ्या बायकांत तर चुकूनही सामील होऊ नकोस. पोटात ढवळलं तर हिरवं सफरचंद आणि कोरडी बिस्किटं खा. खोली झाडणाऱ्या मुलीचं नाव विचार आणि नावानंच हाक मार. त्या बोटीवर माझ्याबरोबर काम केलेली मनिलाची रोवेना अजून आहे, तिला माझा नमस्कार सांग.

आणखी एक. मला तुझ्याशी काही बोलायचंय. पत्रात लिहिण्यासारखं नाही, समोर बसूनच बोलू.

आई तुला पापा पाठवते. माया आहे तशीच राहू दे.

तुझी ताई,
इर्मिना

टोरांटो
२ नोव्हेंबर १९९६

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र मी कपाटात लपवून ठेवलंय आणि रोज उघडून वाचते. सासूबाईंना वाटतं मी धर्मग्रंथ वाचते. त्यांनी माझ्यासाठी एक निळा लांब झगा घेतलाय, कप्तानाच्या मेजवानीसाठी. दुकानातल्या बाईला म्हणाल्या, हिच्या बेटावर असले समारंभ होत नाहीत ना, जरा साधाच दाखवा. मी तो अंगाला लावून बघितला. कीथनं पिशवी धरली.

आईचे गुडघे कसे आहेत? कंबरेचं हाड मोडल्यापासून ती एकटी उठत नाही असं तू लिहिलं होतंस, तेच डोक्यात राहतं. तिला सांग, मला दाशीनच्या पानांचं काळं कालवण आणि तव्यावर भाजलेल्या पिठाच्या गरम बेक्स हव्यात, दुसरं काही नको.

तुला काय बोलायचंय ते पत्रातच लिही ना. उगाच जिवाला घोर लागतो.

आशीर्वाद असू दे.
तुझी धाकटी,
क्लोडेट

रोझो
२८ डिसेंबर १९९६

चि. क्लोडेट हिस,
अ. आ.

हे पत्र तू निघायच्या आत पोचेल असं धरून लिहिते. बोट सकाळी लागते. मी पिवळा झगा घालून धक्क्याच्या फाटकाशी उभी असेन, म्हणजे वरून बघितलंस तरी ओळखशील. गाडी ठरवलीये, घरी पोचायला वेळ लागत नाही. आईसाठी रविवारची टोपी धुऊन वाळत टाकलीये. गेल्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर तिनं सगळ्यांना सांगितलं, माझी क्लोडेट समुद्रावरून येतेय. जशी काही तू पाण्यावर चालत येणार आहेस.

परत जाताना घाई ठेव, बोट कोणासाठी थांबत नाही. सासूबाईंनाही घेऊन ये. घर लहान आहे, पण खुर्च्या आहेत.

घोर लावून घेऊ नकोस. विचारायचंय ते एवढंच, की पुढं आईचं कसं करायचं. बाकी भेटीत.

वाट बघते.
इर्मिना

सेंट किट्सच्या वाटेवर, बोटीवरून
१६ जानेवारी १९९७

ती. ताईस,
सा. न.

तू चिडली असशील. चिडण्यासारखंच झालं. काल सासूबाईंनी आम्हा तिघांची धबधब्याची सहल आधीच ठरवून ठेवली होती, मला आयत्या वेळी कळलं. म्हटलं, दुपारी लवकर परतू आणि मी धावत आईला भेटून येईन. पण वाटेत दरड पडली होती, बस तिथेच अडकली. धक्क्यावर आलो तेव्हा शिडी उचलायची वेळ झाली होती. फाटकाशी तुला शोधलं, पण गर्दीत दिसली नाहीस. आईला सांग, तिच्यासाठी घेतलेली शाल पोस्टानं पाठवते.

बोट छान आहे. तू सांगितलेलं सगळं उपयोगी पडलं. मेजवानीत एकही काटा चुकला नाही. सासूबाई टेबलावरच्या लोकांना म्हणाल्या, आम्ही हिला चांगलं वळण लावलं.

आईविषयी तू लिहिलंस. मला समजतं गं. पण सासूबाई आता आमच्याकडेच राहतात, खोली उरलेली नाही, आणि कीथला विचारायची ही वेळ नाही. तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे.

रागावू नकोस. लोभ तुटू देऊ नकोस.
क्लोडेट

रोझो
५ फेब्रुवारी १९९७

सौ. क्लोडेट हिस,
स. न. वि. वि.

त्या दिवशी कुठंही दरड पडली नव्हती. धबधब्याच्या बसगाड्या दुपारीच परत आल्या. कीथला आणि त्याच्या आईला उतरताना मी पाहिलं, हातात नारळपाणी होतं. लग्नाच्या फोटोवरून ओळखलं. तू त्यांच्यात नव्हतीस. मला वाटलं, घरी गेली असेल, चुकामूक झाली. मी फाटक सोडून घरी धावले. आई टोपी घालून पडवीत बसली होती. मी जिना चढताना पावलांच्या आवाजावरून तिनं विचारलं, क्लोडेट का गं? मग परत धक्क्यावर आले.

तिथं रोवेना भेटली. तिला तासाची सुट्टी होती. मला बघून ती म्हणाली, तुझी बहीण तर सकाळपासून खोलीत आहे, दारावर त्रास देऊ नका अशी पाटी आहे, चहा दाराबाहेर ठेवायला लावला. डोकं दुखतंय म्हणाली. खिडकी तिनं मला खालून बोटानं दाखवली, धक्क्याच्याच बाजूला होती, पडदा अर्धा उघडा होता. रोवेनानं विचारलं, दार ठोठावू का, तू आलीस म्हणून सांगू का? मी नको म्हटलं. पाटी लावलेल्या दारावर थाप मारायची नसते. मीही ते कधी केलं नाही.

मग मी पिवळ्या झग्यात तिथेच उभी राहिले. तू बघत असलीस तर नीट बघून घ्यावंस म्हणून.

आईला सांगितलं, बोटीवर ताप पसरलाय, कोणालाच उतरू दिलं नाही. तिनं आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली. दाशीनचं कालवण दोन दिवस कोणाला खाऊ दिलं नाही.

माझी जुनी कंपनी मला परत बोलावतेय, खोल्यांची देखरेख करायला. हेच तुला समोर बसून सांगायचं होतं. काही महिने आईला तू घे, मग पुढचं बघू, एवढंच मागणार होते. नाही म्हणाली असतीस तर मी रडले असते आणि बोट हुकू दिली असती. आता हुकू देत नाही. मार्चच्या नऊ तारखेला आई विमानानं टोरांटोला येतेय, अँटिग्वाहून एक ओळखीची नर्स बरोबर आहे. तिकीट काढलंय. तिला सांगितलंय की क्लोडेटनं हट्टानं बोलावलंय. तेव्हापासून ती गुणगुणत कपड्यांच्या घड्या करतेय. तुझ्या नावानं खोटं बोलले. तुला ते चालत असावं.

तिला बेकचा कडक भाग चाववत नाही, मधला द्यायचा. पलंगाची डावी बाजू मोकळी ठेव, ती उजव्या कुशीवरून उठू शकत नाही. अंघोळीला गरम पाणी आधी हातावर घालून दाखवायचं. झोप आली नाही तर ती बाबांचे किस्से सांगते. तेच तेच असतात, मध्ये बोलू नये.

आशीर्वाद मागू नकोस, यावेळी माझ्याजवळ शिल्लक नाहीत.

इर्मिना

टोरांटो
३० मार्च १९९७

ती. ताईस, बोटीच्या पत्त्यावर,
सा. न.

आई पोचली. विमानतळाबाहेरचं बर्फ डोळ्यांनी दिसत नाही म्हणून तिनं बोटांनी चाचपून बघितलं. मग विचारलं, किती दिवसांसाठी बोलावलंस? मी म्हटलं, हवं तितकं राहा. कीथ बॅग उचलून आमच्या पुढं गाडीकडे चालत गेला. सासूबाई दुसऱ्या दिवशी मुलीकडे राहायला गेल्या. जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कधी परत येतील माहीत नाही, आणि कीथ ते रोज मला ऐकवतो.

दरडीचं लिहिलं ते खोटं होतं. खिडकीतून तू दिसत होतीस. समोर आलीस तर आईचं विचारशील आणि मला नाही म्हणता येणार नाही, म्हणून उतरले नाही.

पलंगाची डावी बाजू मोकळी ठेवलीये. पाणी हातावर घालून दाखवते. ती नीट जेवते, पण घरात मला काही सांगायचं झालं की इर्मिना म्हणूनच हाक मारते. पाणी दे इर्मिना. खिडकी लाव इर्मिना. सुरुवातीला मी सांगायचे, आई, मी क्लोडेट. ती म्हणायची, हो गं, माहीत आहे, आणि पुढच्या घटकेला पुन्हा तेच.

आता मी सांगत नाही. ओ देते.

कुठल्या बंदरात हे मिळेल कोण जाणे. मिळालं तर दोन ओळी टाक, आईसाठी तरी. मी वाचून दाखवीन.

क्लोडेट